कोळसा खाणीत कामाला जाणाऱ्यांच्या इजा: माहिती हवी आहे (दाजींची पाठ आणि धाकट्या भावाची नोकरी)

होटगीकर | १८ जानेवारी २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गड्डा यात्रेसाठी आमचे दाजी घरी आलेत. वणीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत ते ठेकेदाराकडे डंपर चालवतात. आल्यापासून त्यांना मांडी घालून बसता येत नाही, उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बधिर होतो. खोदून विचारलं तेव्हा बोलले. पावसाळ्यात डंपरच्या शिडीवरून उतरताना चिखलाचा बूट सटकला आणि पाठीवर आपटले. तिथल्या दवाखान्यात गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी परत ड्युटी धरली. सुपरवायझर म्हणाला, "किरकोळ आहे, नोंद कशाला? उगीच चौकशी मागे लागेल." दाजींनीही ऐकलं.

आता त्याच ठेकेदाराकडे माझ्या धाकट्या भावाला लावायचं चाललंय. तो सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर आहे. तिकडं पगार बराच जास्त आहे. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, खाण म्हणजे जीव जायचं काम. भाऊ म्हणतो, ती भुयारी खाण नाही, डोक्यावर आभाळ आहे, भ्यायचं कशाला?

सोलापुरात कोळशाची खाण नाही, त्यामुळे इथं माहितगार माणूस सापडत नाही. खाणीत नेमक्या कोणत्या इजा जास्त होतात आणि दाजींचं आता काही करता येईल का, एवढं कुणी सांगितलं तर उपकार होतील.

---

निवृत्त_ओव्हरमन | १८ जानेवारी, रात्री ११:०५

होटगीकर, मी वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) भूमिगत खाणीत होतो. आधी मायनिंग सरदार, मग ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या माणसांवर आणि सुरक्षेवर देखरेख करणारा. निवृत्तीनंतर मुलाकडे जुळे सोलापुरात राहतो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या आईची भीती खरी आहे, पण ती निम्मीच गोष्ट आहे.

खाण म्हटलं की लोकांना चासनाला आठवतं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या त्या खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. असे अपघात पेपरात येतात, चौकशी आयोग बसतात. खाणीतली बहुतेक माणसं मात्र एकेकटी मरतात आणि एकेकटी जायबंदी होतात. त्यांची बातमी आतल्या पानावरसुद्धा येत नाही.

भूमिगत खाणीत पहिला शत्रू चाल, म्हणजे डोक्यावरचं छत. कोळसा काढला की वरचा दगड लोंबकळायला लागतो. त्याला रूफ बोल्ट (छतात ठोकायचे लांब खिळे) मारायचे, टेकू द्यायचे. शिफ्ट सुरू होताना सरदार चाल ठोकून बघतो. एका हातात काठी किंवा पहार, दुसऱ्या हाताचा तळवा छताला टेकलेला. घट्ट दगड टणटणीत वाजतो. सुटलेला थर ढबढब बोलतो आणि तळव्याला बारीक थरथर जाणवते. ती जाणवली की आधी माणसं मागे घ्यायची, मग बाकीचं. हे ठोकणं ज्यानं घाईत उरकलं त्याच्या जिल्ह्यात (खाणीतल्या कामाच्या भागाला डिस्ट्रिक्ट म्हणतात) आज ना उद्या माणूस दबतोच. छतासारख्याच बाजूच्या भिंतीही सुटतात. कोळशाचा चपटा तुकडा भिंतीवरून घसरला की घोटा नाहीतर नडगी फोडतो.

रोजच्या इजा याहून वेगळ्या. टब (कोळसा वाहायचे रुळावरचे डबे) जोडताना दोन टबांच्या मधे बोटं चेंगरतात. हॉलेजचा, म्हणजे टब ओढणारा, दोर तुटून फटका बसला तर पाय जागच्या जागी मोडतो. उतारावर टब सुटले तर खाली उभ्या माणसाला बाजूला व्हायलासुद्धा जागा नसते, म्हणून आडोशाला शिरायला भिंतीत मॅनहोल, म्हणजे कोनाडे, ठेवलेले असतात. ओल्या उतारावर घसरून पडणं तर नित्याचं. लाकडी टेकू खांद्यावरून वाहताना पाठ धरते. कमी उंचीच्या थरात गुडघ्यावर काम करून गुडघ्यात पाणी साठतं. माझ्या हाताखालची जी माणसं वेळेआधी घरी बसली त्यांतली बरीचशी पाठीनं, गुडघ्यानं आणि बोटांनी बसली. चाल पडून फार थोडी.

आता तुमच्या भावाचा मुद्दा. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. तिथं चाल नाही, पण जीव घेणारी दुसरी गोष्ट आहे. डंपर.

---

टिप्परवाला | १९ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, मी चंद्रपूर भागात उघड्या खाणीत टिप्पर चालवलाय, आता सोलापुरात स्वतःची गाडी आहे. लोक उगीच घाबरवतात असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या गाड्यांना एसी केबिन आहे, मागचा कॅमेरा आहे. लूमवर बारा तास उभं राहून जे मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मी घरी पाठवलंय. त्या पैशावर बहिणीचं लग्न झालं. होटगीकर, पोराला जाऊ द्या. फक्त डोळे उघडे ठेवून जाऊ द्या.

---

होटगीकर | १९ जानेवारी, सकाळी ८:०२

टिप्परवाला भाऊ, डोळे उघडे ठेवायचे म्हणजे कुठं ठेवायचे तेच तर विचारतोय. तुम्ही तिथं काय काय बघितलं ते सांगा की.

---

टिप्परवाला | १९ जानेवारी, सकाळी ९:१५

बरं, सांगतो.

एक म्हणजे डम्पची (खाणीतली माती टाकायच्या ढिगाची) कड. माती टाकायला गाडी मागं घेत कडेपर्यंत न्यायची असते. कडेला मातीचा बांध पाहिजे. बांध नसेल किंवा पावसानं खचला असेल तर मागचं चाक जातं आणि गाडी उलटत खाली. मी बांध दिसला नाही तर कड सोडून अलीकडंच माती टाकायचो, डोझरवाला मागून ढकलायचा. ठेकेदाराचा माणूस बोंबलायचा, बोंबलू दे.

दुसरं, मोठ्या डंपरच्या नाकासमोर आणि ड्रायव्हरच्या विरुद्ध अंगाला काहीच दिसत नाही. जीप उभी असली तरी ड्रायव्हरला कळत नाही. पायी माणूस तर सोडाच. म्हणून गाडीतून उतरलं की मोठ्या गाडीच्या आसपास रेंगाळायचं नाही. मोबाईलवर बोलत तर नाहीच नाही.

हौदा वर उचलून खाली हात घालायचा नाही, आधी सपोर्ट लावायचा. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की हौदा एका क्षणात खाली येतो. हौदा वर असताना गाडी पुढं पण काढायची नाही, वर विजेची तार असते. टायरमध्ये हवा भरताना रिंगसमोर उभं राहायचं नाही. ती रिंग सुटली तर डोकं जातं.

आणि रात्रपाळी. पहाटे तीन ते पाच. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. त्या वेळेत मी दोनदा रस्ता सोडलाय, नशीब चांगलं म्हणून बांधाला अडकलो. काका म्हणतात ते खरंय, लिहायला बसल्यावर बरंच आठवलं.

---

अस्थिवैद्य | १९ जानेवारी, दुपारी २:३०

मी सोलापुरात हाडांची डॉक्टर आहे. होटगीकर, आधी तातडीचं. दाजींना लघवी किंवा शौचावरचा ताबा कमी झाल्यासारखं वाटतंय का? जांघेच्या मधल्या भागात, बसताना जो भाग टेकतो तिथं, बधिरपणा आहे का? पायाचा पंजा उचलताना पडतोय का? यातलं एक जरी असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या. मज्जातंतूंवरचा दाब वेळेत सोडवला नाही तर नुकसान कायमचं राहतं.

हे काही नसेल तर कंबरेच्या मणक्यातली चकती सरकून सायटिकाची नस दबली असण्याची शक्यता जास्त वाटते. तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही. एमआरआय लागेल. तोवर जड उचलणं बंद, पण महिनाभर अंथरुणातही पडून राहायचं नाही. थोडं थोडं चालतं ठेवा. गावातल्या कुणाकडून पाठ तुडवून घेऊ नका, कृपा करून.

डंपर चालकांच्या पाठीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पडण्यानं झालेली इजा एका दिवसाची. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर, स्प्रिंग गेलेल्या सीटवर, पाळीच्या पाळी जे हादरे बसतात ते मणक्याची चकती हळूहळू झिजवत असतात. मग एक दिवस शिडीवरून पाय सटकतो आणि आधीच थकलेली चकती जागा सोडते. माणूस म्हणतो "एवढंसं तर पडलो". त्यामुळे सीट मोडकी असेल तर ती सोयीची बाब समजू नका. ती बदलून मागणं हा उपचाराचाच भाग आहे.

शिडीचंही सांगते. उतरताना तोंड गाडीकडे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन अवयव कायम टेकलेले. हातात डबा किंवा बाटली नको, ती दोरीनं खाली सोडा. शेवटच्या पायरीवरून उडी मारायची सवय फार वाईट. टाचेचं हाड त्यानंच फुटतं.

आणखी दोन इजा दिसत नाहीत म्हणून मोजल्या जात नाहीत. एक कान. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला तर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बायको आणि लहान मुलांचं बोलणं कळेनासं होतं, पुरुषांचं कळतं. घरात भांडणं होतात, कान तपासायचं कुणाला सुचत नाही. गेलेलं परत येत नाही.

दुसरी फुप्फुसं. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षं साठून न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीचा फुप्फुसाचा आजार, होतो. दगडात ड्रिल मारणाऱ्यांना सिलिकाची धूळ लागते, ती याहून वाईट; तिच्यानं सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला राहतो, एक्स-रेवर डाग दिसतात, आणि आपल्याकडे लगेच टीबीचं औषध सुरू होतं. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका जास्त असतोच, त्यामुळे दोन्ही तपासायला हवेत. पण डॉक्टरला आपण खाणीत काम केलंय हे सांगितलंच नाही तर त्याच्या डोक्यात ते येणार कुठून? सोलापुरात कापसाच्या धुळीचे पेशंट आम्हाला ओळखता येतात, कोळशाचे क्वचित बघायला मिळतात. म्हणून दाजींनी कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी कोळसा खाणीत आहे" हेच बोलावं.

---

साखरपेठ | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

डॉक्टर मॅडम, तुम्ही लिहिलंत ते वाचून माझ्या वडिलांची आठवण आली. ते पॉवरलूमवर होते, धोटा उडून डोळ्याला लागला आणि तो डोळा गेला. पण त्यांचं ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड होतं. ऑपरेशन झालं, नंतर अपंगत्वाचे पैसेही सुरू झाले. कमी होते, पण आईच्या विड्यांच्या मजुरीला त्यांचा आधार होता. होटगीकर दादा, दाजींचं ईएसआय कार्ड काढलंय का बघा. सगळा खर्च त्यातून होईल.

---

कामगारवकील | १९ जानेवारी, रात्री ९:५०

साखरपेठ ताई, तुमचा सल्ला लूमवाल्यांसाठी अगदी बरोबर आहे, पण खाणीला तो लागू पडत नाही. ईएसआय कायद्यातल्या कारखान्याच्या व्याख्येतून खाण वगळलेली आहे. खाणीतल्या माणसाला भरपाई मिळते ती १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, आणि ती मालकाकडून मागावी लागते. आपल्या सोलापुरातल्या माणसाला ईएसआयची सवय असते, त्यामुळे तो कार्ड शोधत बसतो आणि वेळ जातो. (नंतरची भर: हे जानेवारी २०२५ चं आहे, चार नव्या कामगार संहिता तेव्हा मंजूर होत्या, पण लागू नव्हत्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या; मी इथं सांगितलेला कायदा त्याआधीचा.)

होटगीकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य म्हणजे "दुसऱ्या दिवशी परत ड्युटी धरली". का ते सांगतो.

१९५२ च्या खाण कायद्यात इजांचे प्रकार पाडलेत. अवयव गेला, दृष्टी किंवा ऐकू येणं गेलं, हाड मोडलं, अगदी बोटाच्या पेराचं हाड मोडलं, तरी ती गंभीर इजा. त्याखालची पायरी म्हणजे ज्या इजेमुळे माणूस ७२ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही अशी इजा. यांची माहिती वर पाठवावी लागते. खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे, ज्याचं मुख्यालय धनबादला आहे. आता बघा. पाठीवर पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी हजेरी लावून बसवून ठेवलं किंवा गोळी देऊन गाडीवर चढवलं, की ७२ तास भरत नाहीत. कागदावर अपघात झालाच नाही. मेलेला माणूस आणि तुटलेला पाय लपवता येत नाही. सरकलेली चकती, मुरगळलेलं मनगट, दबलेली नस सहज लपते. पुढं हीच माणसं घरी येऊन बसतात आणि त्यांच्याकडे दाखवायला चिठ्ठीही नसते. माझ्याकडे येणाऱ्यांत हीच संख्या मोठी आहे आणि मला याचा मनापासून संताप येतो.

कायदा काय देतो ते आकड्यात सांगतो. समजा ३० वर्षांच्या माणसाची तर्जनी पूर्ण गेली. हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. तिशीचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. तर्जनीला कायद्याच्या परिशिष्टात १४ टक्के आहेत, म्हणजे २ लाख ६२ हजारांच्या आसपास. अंगठ्याला ३० टक्के, एका डोळ्याला ४०. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो.

पाठ त्या परिशिष्टात नाही. तिथं कमाईची क्षमता किती टक्के घटली हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. म्हणून डॉक्टर मॅडमचा कागद आणि अपघाताच्या दिवसाचा कागद, हे दोन्ही जोडता आले पाहिजेत.

आणखी तीन गोष्टी तुमच्या बाजूनं आहेत. माणूस ठेकेदाराचा असला तरी काम ज्याच्यासाठी चाललंय त्या मूळ मालकाकडे, म्हणजे खाणीकडेही भरपाई मागता येते, कलम १२. दावा करायला वणीला खेटे घालायची गरज नाही, कामगार जिथं राहतो तिथल्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे दाखल होतो, कलम २१. आणि मुदत अपघातापासून २ वर्षं आहे. तुमचा अपघात गेल्या पावसाळ्यातला, म्हणजे वेळ आहे. पण साक्षीदार गाव बदलतात, वह्या हरवतात, म्हणून थांबू नका.

---

होटगीकर | १९ जानेवारी, रात्री १०:३०

साहेब, नोंद तर केलीच नाही. मग काय करायचं?

---

कामगारवकील | १९ जानेवारी, रात्री १०:४५

मालकाला त्या सुमाराला दुसऱ्या मार्गानं अपघात कळला होता एवढं दाखवता आलं तरी नोटीस न दिल्याचा मुद्दा आड येत नाही. दाजी तिथल्या दवाखान्यात गेले होते ना? गोळ्यांची चिठ्ठी, ओपीडीचा नंबर, मोबाईलमधले त्या दिवसाचे फोन, मित्राला पाठवलेला व्हॉट्सअॅप, काहीही शोधा. त्या पाळीत कोण कोण होतं त्यांची नावं लिहून काढा, आजच, दाजींना आठवतंय तोवर.

---

बेल्टवरचा | २० जानेवारी, सकाळी ६:५५

कोळसा हाताळणीत काम करतो, खाणीत नाही. एक पुस्ती जोडतो. खाण असो की वीजकेंद्र, कोळसा बेल्टवर आला की धोका सारखाच. चालत्या बेल्टचे रोलर फावड्यानं साफ करायचे नाहीत. फावडं ओढलं जातं आणि हात सोडायला वेळ मिळत नाही, हात फावड्यामागं जातो. गळ्यात गमछा नको, सैल बाही नको. बेल्टच्या कडेनं जी दोरी जाते ती ओढली की बेल्ट थांबतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी ती दोरी एकदा हातानं ओढायला लावा, म्हणजे वेळेला हात बरोबर तिथं जातो.

---

अस्थिवैद्य | २० जानेवारी, सकाळी १०:२०

बेल्टवाल्या भाऊंमुळे आठवलं. बोट तुटलं तर तुकडा थेट बर्फात टाकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फात. कोळशाखाली किंवा दगडाखाली पाय बराच वेळ दबलेला असेल तर नुसता ओढून काढून मोटारसायकलवर बसवू नका. दबलेल्या स्नायूंतलं विष एकदम रक्तात जातं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. रुग्णवाहिका आणि सलाइन आधी.

---

होटगीकर | २५ जानेवारी, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी विचारलेली लक्षणं नव्हती. एमआरआय झाला, कंबरेच्या खालच्या चकतीनं नस दाबलेली आहे. ऑपरेशनची घाई नको म्हणाले, व्यायाम आणि औषधं सुरू झालीत. दाजींनी डॉक्टरांना खाणीचं सांगितलं आणि छातीचा एक्स-रेही काढून घेतला, तो सध्या ठीक आहे.

अक्कानं दाजींची बॅग उपसली. लायसनच्या पाकिटात दवाखान्याची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली होती. तारीख आहे, "पडल्यामुळे कंबरदुखी" असं लिहिलेलंय, शिक्का आहे. दाजींसोबत त्या पाळीत असलेला एक जण वैरागचा आहे, तो साक्ष द्यायला तयार आहे.

भावाचं अजून ठरलं नाही. टिप्परवाला भाऊंची पोस्ट त्यानं तीनदा वाचली. आता तो ठेकेदाराला फोनवर प्रश्न विचारतोय, हे मला बरं वाटतंय. अजून काय विचारावं?

---

निवृत्त_ओव्हरमन | २५ जानेवारी, रात्री ९:३०

त्याला विचारायला सांगा: खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात ट्रेनिंग कधी, आणि भरतीपूर्वीची वैद्यकीय तपासणी कुठे? १९६६ च्या नियमांनुसार प्रशिक्षणाशिवाय नवा माणूस खाणीत कामाला लावता येत नाही. जो ठेकेदार म्हणेल "ते नंतर बघू, आधी गाडीवर बस", त्याच्याकडे जाऊ नये, पगार कितीही असो. तपासणीत कान आणि छातीचा एक्स-रे होतो. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवायची, कारण उद्या काही झालं तर "आधीपासूनच होतं" हे ठेकेदाराचं उत्तर तयार असतं. हेल्मेट आणि बूट फुकट द्यायचे असतात, पगारातून कापत असतील तर तेही विचारा. कोल माइन्स पीएफचा नंबर मिळणार का, वेतन बँकेत येणार का, ओळखपत्रावर खाणीचं नाव असणार का, हे विचारा. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याचा अपघातही कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि कामाला लागला तर खरचटलं तरी प्रथमोपचाराच्या वहीत लिहून घ्यायचं, मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढायचा. मी ओव्हरमन असताना काही पोरं नोंद करायला लाजायची, आपण कच्चे दिसू म्हणून. मी हात धरून न्यायचो.

---

टिप्परवाला | २५ जानेवारी, रात्री १०:०५

होटगीकर, पोराला माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा. त्या भागात ओळखीचे चालक आहेत. कुठला ठेकेदार गाडीची सीट आणि ब्रेक बघतो आणि कुठला बघत नाही, ते त्यांना माहीत असतं. आधी विचारून मगच होकार द्यायचा बे.

---

होटगीकर | २६ जानेवारी, सकाळी ११:४०

मेसेज केलाय भाऊ. वकील साहेब, नोटीस कुणाच्या नावानं काढायची? ठेकेदाराच्या की खाणीच्या?

---

कामगारवकील | २६ जानेवारी, दुपारी १:१०

दोघांच्याही. ठेकेदाराला एक, खाणीच्या व्यवस्थापकाला एक, रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह. अपघाताची तारीख, पाळी, जागा, गाडीचा नंबर आणि कसं पडलात ते साध्या शब्दांत. चिठ्ठीची झेरॉक्स जोडा, मूळ चिठ्ठी कुणालाही देऊ नका. गेल्या वर्षभराच्या पगाराच्या बँक नोंदी आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन दाजींना सोबत आणा. बसायला त्रास होत असेल तर सकाळीच या, तेव्हा गर्दी नसते.